चंदेरी पिशवी आणि कापडी बिव्ही

बिव्ही म्हणजे तंबूशिवाय उघड्यावर रात्र काढताना आत शिरायची पिशवी. पावसाळी हवेत डोंगरावर निघालेल्या कुणीही "अडकलोच तर बिव्ही आहे" असं म्हटलं की मी आधी विचारतो, कुठली? दहातल्या आठ वेळा सॅकमधून मुठीएवढी चंदेरी गुंडाळी निघते. पाकिटावर बिव्ही असंच छापलेलं असतं, त्यामुळे घेणाऱ्याला तरी काय म्हणणार!

कापडी बिव्ही म्हणजे स्लीपिंग बॅगवर चढवायची वॉटरप्रूफ कापडाची खोळ: अर्धा ते एक किलो वजन, महाग, टिकाऊ. चंदेरी पिशवी म्हणजे अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं पातळ प्लॅस्टिक. वजन शे-दीडशे ग्रॅम.

"पण दोन्ही वॉटरप्रूफच ना?" सगळा घोळ या प्रश्नातच आहे. पाऊस दोन्ही अडवतात. प्रश्न तुमच्या स्वतःच्या पाण्याचा आहे. स्वस्थ पडून राहिलं तरी त्वचेतून आणि श्वासातून दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जातं. कापडी बिव्ही त्यातली बरीच वाफ बाहेर जाऊ देते (हवा दमट आणि उबदार असेल तर कमी, हेही लक्षात असू द्या). चंदेरी पिशवी काहीच जाऊ देत नाही. मी एकदा तिच्यात पिसांची स्लीपिंग बॅग घालून झोपलो होतो. पाऊस थेंबभरही आत आला नव्हता, तरी सकाळी पायाकडची पिसं भिजून गोळा झाली होती. बॅग हातात धरली तर तिथे नुसतं कापडच लागत होतं. दुसऱ्या रात्री ती बॅग असून नसल्यासारखी होती.

म्हणून चंदेरी पिशवी वाईट का? अजिबात नाही. भिजलेल्या कपड्यांतलं एक ग्रॅम पाणी सुकताना अंगातून साधारण २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. वारा असेल तर ही गळती फार वेगाने होते. चंदेरी पिशवी वारा अडवते आणि वाफही कोंडते, म्हणजे हे सुकणंच थांबवते. आत तुम्ही ओलेच राहता, पण तितक्या झपाट्याने गारठत जात नाही. जो गुण ठरवून केलेल्या मुक्कामाला घातक, तोच फसलेल्या एका रात्री जीव वाचवतो. कपडे पिळा, पुन्हा घाला आणि आत शिरा. नाकतोंड मात्र बाहेरच ठेवा.

पाकिटावरच्या "९० टक्के उष्णता परत" या ओळीचा मला मनापासून राग आहे. तो आकडा फक्त अंगातून किरणांच्या रूपाने जाणाऱ्या उष्णतेचा. ओली जमीन पाठीतून जी उष्णता शोषते, तिला चकाकी थांबवू शकत नाही. खाली रिकामी सॅक, दोर, पालापाचोळा, मिळेल ते घाला.

माझी निवड पक्की आहे. मुक्काम ठरलेला असेल तर टार्प (डोक्यावर ताणून बांधायचं ताडपत्रीसारखं कापड) आणि अंगाखाली मॅट, चंदेरी पिशवी फक्त अडीअडचणीला. टार्प आणि मॅट या दोन्हींच्या जागी एकटी चंदेरी पिशवी घेऊन निघणाऱ्याला मी परत पाठवेन. आणि ती सॅकच्या तळाशी कोंबू नका, वरच्या कप्प्यात ठेवा. हे प्लॅस्टिक एकदा काट्याला अडकलं की फाट सरकतच जाते, म्हणून हातभर डक्ट टेप पाण्याच्या बाटलीला गुंडाळून ठेवा.