पार्श्वभूमी : अमेरिकी दक्षिणेच्या घरगुती कादंबऱ्या आणि एका बापाचा वाद

शहरात हरलेली बाई आजीच्या घरी परतते. ओसरीवर गोड चहा, शेजारणींनी आणून दिलेली कॅसरोलची (भट्टीत भाजलेल्या एकत्र पदार्थाची) भांडी, अबोला धरलेली बहीण आणि शेवटी समेट. पुढे काय होणार हे ठाऊक असतं, म्हणूनच वाचक या कादंबऱ्या हातात घेतात.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर तिकडे मळेवाल्यांच्या गेलेल्या वैभवाचे उसासे लिहिले गेले, नंतर पडक्या वाड्यांच्या आणि घराण्यांच्या पापांच्या कथा. आजचा गोडवा रुळला तो १९८०च्या दशकात. १९८७च्या एका कादंबरीत अलाबामाच्या वृद्धाश्रमातली म्हातारी एका खचलेल्या गृहिणीला रुळांलगतच्या जुन्या खानावळीची हकिगत सांगते आणि ऐकता ऐकता गृहिणी सावरते. दुसऱ्या संधीची ही ओढ चर्चमधूनही आली असावी. बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचं प्रवचन संपताना पापी माणसाला सगळ्यांदेखत पुढे बोलावतात. तो आला की झालं-गेलं सोडायचं. १९८२च्या जॉर्जियातल्या एका पत्ररूप कादंबरीतही ताटातूट झालेल्या बहिणी भेटतात, छळणारा नवरा निवळतो. तरी तिला या पंगतीत सहसा कुणी बसवत नाही. त्यातले वळ झाकलेले नाहीत, म्हणून असेल.

खरा पेच पडला २०१५ साली. १९६०मध्ये आलेल्या अलाबामाच्याच एका कादंबरीतला वकील बाप म्हणजे या साऱ्या दिलाशाचा खांब. खोट्या आरोपात अडकलेल्या कृष्णवर्णीयाचं वकीलपत्र घेणारा. पुस्तकाला पुलित्झर हा मानाचा पुरस्कार मिळाला, पुढे लेखिकेने दुसरी कादंबरी छापलीच नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये प्रकाशकाने ‘नवी’ कादंबरी जाहीर केली. ती होती १९५७मध्ये प्रकाशकाला दिलेली जुनी संहिता. ती वाचून संपादिकेने लेखिकेला नायिकेच्या, म्हणजे वकिलाच्या मुलीच्या, बालपणाकडे वळवलं होतं आणि त्यातूनच प्रसिद्ध पुस्तक घडलं होतं. जुन्या संहितेतला बाप म्हातारा आहे आणि वंशभेद टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या सभेत बसतो.

लेखिकेला २००७मध्ये पक्षाघात झाला होता. तिचा कारभार पाहणारी वकील बहीण नोव्हेंबर २०१४मध्ये वारली आणि तीनच महिन्यांत ही घोषणा झाली. वृद्धेवर दबाव आणल्याच्या तक्रारीची अलाबामात सरकारी चौकशी झाली, तथ्य आढळलं नाही. कायद्यापुरतं प्रकरण मिटलं, पण कच्चा खर्डा नवी कादंबरी म्हणून विकणं ही सरळ बनवाबनवी होती. पहिल्याच आठवड्यात उत्तर अमेरिकेत ११ लाखांवर प्रती खपल्या. मिशिगनमधल्या पुस्तकांच्या एका दुकानाने गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. गंमत म्हणजे खर्ड्यातही मुलगी शेवटी बापाशी जुळवून घेते, साचा तोच. पण दारुड्या भावांना आणि पळालेल्या नवऱ्यांना पोटात घालणाऱ्या अनेक वाचकांना हा बाप काही पचला नाही.

लेखिका २०१६मध्ये गेली. २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर येऊ घातलेल्या, १९६०च्या कादंबरीवरच्या नाटकात बापाचा स्वभाव फार बदलला, म्हणून तिच्या मालमत्तेचा कारभार पाहणारे कोर्टात गेले. मे महिन्यात तडजोड झाली आणि डिसेंबरात पडदा उघडला.