झूमीज: मॉलमध्ये रुजलेलं स्केटबोर्डचं दुकान

स्केटबोर्ड, स्नोबोर्ड आणि त्याहून कितीतरी जास्त टी-शर्ट, हुडी, टोप्या नि बूट विकणारी झूमीज ही अमेरिकेतल्या मॉलांमधली दुकानांची साखळी. गिऱ्हाईक मुख्यतः शाळा-कॉलेजातलं. ज्या मॉलमध्ये स्केटबोर्ड चालवणाऱ्या पोराला रखवालदार हुसकून लावतो, त्याच मॉलमध्ये त्याला बोर्ड विकायचा, असा हा सगळा व्यवहार.

टॉम कँपियन आणि गॅरी हाकन्सन यांनी 1978 मध्ये सिएटलच्या नॉर्थगेट मॉलमध्ये पहिलं दुकान थाटलं. तेव्हा त्याचं नाव होतं ‘अबव्ह द बेल्ट’. झूमीज हे बारसं नंतरचं. 1950 मध्ये उघडलेला नॉर्थगेट हा अमेरिकेतल्या सुरुवातीच्या उपनगरी मॉलांपैकी एक. गाडी चालवायचं वय न झालेल्या मुलांना आईवडील तिथे सोडून जात, आणि संध्याकाळपर्यंत मुलं तिथेच रेंगाळत. हे गिऱ्हाईक आयतंच दाराशी होतं.

स्केटबोर्ड आणि स्नोबोर्ड या खेळांची घडी त्याच दशकात बसत होती. पूर्वी मातीची किंवा धातूची चाकं खड्याला अडकून पोरं तोंडावर आपटत. सत्तरच्या दशकात युरेथेन या लवचिक प्लास्टिकची चाकं आली आणि स्केटबोर्ड रस्त्याला धरून पळू लागला. 1977 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बर्टन कंपनीने स्नोबोर्ड बनवायला सुरुवात केली. पुढे 1995 मध्ये ‘एक्स गेम्स’ ही साहसी खेळांची स्पर्धा सुरू झाली, 1998 मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड दाखल झाला, आणि कधीच बोर्डावर पाय न ठेवलेली मुलंही स्केटरसारखे कपडे मागू लागली. या धंद्याचा खरा पैसा याच मुलांकडून येतो, बोर्डवाल्यांकडून नव्हे.

तरी भिंतीवरचे बोर्ड काढून चालत नाही. नवा बोर्ड घेतला की विक्रेता तो समोरच जुळवून देतो. लाकडावर पॉलिश पेपरसारखा काळा, खरखरीत चिकट कागद बसवायचा, कडेने कानस फिरवून रेघ उमटवायची, त्या रेघेवरून ब्लेडने जादाचा कागद कापायचा. मग चाकांत बेअरिंग दाबायची आणि आठ बोल्ट आवळायचे. हे हात सफाईने चालताना दिसले, की बाजूला टी-शर्ट चाळणाऱ्या मुलाचा दुकानावर विश्वास बसतो. म्हणून झूमीजने विक्रेते नेमले ते याच खेळांतले, आणि वरच्या जागाही बऱ्याचशा दुकानात काम केलेल्यांनाच दिल्या. दुकानात सोफा आणि व्हिडिओ गेम ठेवले, म्हणजे पोरं टेकतील, थांबतील. गल्लीतल्या छोट्या स्केट शॉपवाल्यांना हे मॉलवाले कायम उपरे वाटत आले, आणि त्यांचं अगदीच चूक नाही.

याच काळात दक्षिणेला कॅलिफोर्नियात पॅकसन वाढत होतं. 1980 मध्ये न्यूपोर्ट बीचच्या सर्फ शॉपपासून, म्हणजे समुद्राच्या लाटांवर चालवायच्या बोर्डांच्या दुकानापासून, निघालेली ही साखळी समुद्र, ऊन आणि ‘कॅलिफोर्निया’ विकायची. झूमीजचा भूगोल वेगळा. सिएटलकडे उन्हाळ्यात स्केटबोर्ड चालतो आणि हिवाळ्यात शेजारच्या कॅस्केड डोंगरांत बर्फ पडतो, त्यामुळे दोन्ही हंगामांत गल्ला चालू. माझ्या मते त्याहून मोठा फरक मालातला होता. झूमीजने कुठल्याही एका ब्रँडला गळ्यात बांधून घेतलं नाही. कोपऱ्यातली नवी छोटी लेबलं उचलायची, ती सगळीकडे दिसू लागली की पुढची शोधायची, हा तिचा शिरस्ता.

2005 मध्ये झूमीज नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारावर आली. 2012 मध्ये तिने ऑस्ट्रियातल्या श्लाडमिंगची ‘ब्लू टोमॅटो’ ही अशाच मालाची कंपनी विकत घेतली आणि युरोपात पाय ठेवला. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातली ‘फास्ट टाइम्स’ ही स्केट दुकानांची साखळी घेतली. याच सुमारास बाकीच्यांची पडझड चालू होती. सर्फचं बडं नाव क्विकसिल्व्हर सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेलं, एप्रिल 2016 मध्ये पॅकसन आणि पुढच्याच महिन्यात एरोपोस्टेल ही तरुणांच्या कपड्यांची साखळी. मुलांचा पैसा फोनकडे आणि स्वस्त फॅशनकडे वळला होता, मॉलमधली गर्दी ओसरत होती आणि दुकानांची भाडी डोईजड झाली होती.

झूमीज त्यातून तगली, एवढंच नव्हे तर 2019 च्या आर्थिक वर्षात विक्री पहिल्यांदा एक अब्ज डॉलरच्या वर गेली. कोविडने दुकानं बंद पाडली, पण त्यानंतर घरी बसलेल्या पोरांना बोर्डाचं वेड लागलं आणि 2021 मध्ये विक्रमी 1.18 अब्ज डॉलरची विक्री झाली. ती लाट ओसरली तशी महागाई आली. 2023 मध्ये विक्री 87 कोटी 50 लाख डॉलरच्या आसपास घसरली आणि कंपनी तोट्यात गेली.

आता नफा सावरण्यासाठी तिच्या मालात स्वतःच्या लेबलांचा वाटा वाढतो आहे. हिशेब सरळ आहे, मधला ब्रँड गेला की सुटणारी रक्कम आपली. पण पॅकसनच्या रॅकवरही बुलहेड, किरा अशी घरची लेबलं होतीच, आणि पोरांची आवड बदलली तेव्हा त्यांनी पॅकसनला तारलं नाही. झूमीजचा आजवरचा जोर दुसऱ्यांची नवी नावं आधी हेरण्यात होता. घरचा माल वाढला की त्या नावांना रॅकवर जागा कमी उरते.