जन्मतः गुडघा उलटा वळलेल्या बाळाचे मोफत उपचार: कोणाला मिळतात, कागदपत्रं काय लागतात

बाळाचा गुडघा पुढच्या बाजूला वळलेला आणि पाऊल पोटाकडे आलेलं बघितलं की घरातल्यांचे हातपाय गळतात, पण आधी एक लक्षात घ्या, कागद जमवण्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत. पहिल्या काही दिवसांत सांधा मऊ असतो म्हणून डॉक्टर हलक्या हाताने ताणून प्लास्टर घालतात, साधारण दर आठवड्याला बदलतात आणि गुडघा थोडा थोडा मागे दुमडत नेतात. पुष्कळ बाळांचं एवढ्यावर भागतं, नाही भागलं तर पुढे ऑपरेशन. घरी मात्र कोणालाही पाय ओढू देऊ नका, हाड वाढतं ती जागाच मोडू शकते.

आता पात्रता. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात आजारी बाळाला 1 वर्षापर्यंत तपासण्या, औषधं, उपचार आणि नेआण सगळं मोफत आहे, उत्पन्नाची अट नाही. दुसरा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणजे आरबीएसके, 2013 पासून, त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंत मुलांची तपासणी आणि उपचार मोफत होतात. त्याच्या यादीत गुडघ्याचं वेगळं नाव नाही, पण वाकडं पाऊल आणि खुब्याचा निखळलेला सांधा हे दोन्ही आहेत, आणि गुडघा उलटा असलेल्या बाळांमध्ये हे दोष बरेचदा सोबत असतात, म्हणून खुब्याची सोनोग्राफी करायला सांगाच, एक्सरेत नवजात बाळाचा खुबा नीट दिसत नाही.

अर्ज असा कुठे ऑनलाइन भरायचा नसतो. बाळंतपण झालं तिथल्या डॉक्टरांकडून रेफरल चिठ्ठी घ्या, घरी आला असाल तर आशाताईंना सांगा, त्या पहिल्या सहा आठवड्यांत घरी येतातच. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांचे जन्मदोष लवकर तपासून उपचार करणाऱ्या केंद्रात, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवतात.

सोबत डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, आईवडिलांचं आधार आणि रेशनकार्ड ठेवा, मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं तर महात्मा फुले या सरकारी मोफत उपचार योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाला, हेच दाखवावं लागतं. जन्माची नोंद 21 दिवसांत मोफत होते, नाव ठरलं नसेल तरी करून टाका, नाव नंतर घालता येतं.

प्रत्येक प्लास्टरची तारीख आणि गुडघा किती दुमडला ते केसपेपरवर लिहून घ्या, दुसरीकडे पाठवलं तर तिथल्या डॉक्टरांना पुढचं ठरवायला तेच लागतं. आणि प्लास्टर असताना बोटं निळी, गार किंवा सुजलेली दिसली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.