प्रवाळ टाकीचं पाणी: आधी अल्कलिनिटी मोजा

घरी प्रवाळ वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर पांढरा, खरबरीत थर धरू लागला, की ओळखावं: प्रवाळांसाठी टाकीत घातलेलं कॅल्शियम त्यांच्या अंगी लागत नाहीये, भलतीकडेच बसतंय. मूळ बहुतेकदा एकाच सवयीत सापडतं. सकाळी पीएच ७.९ दिसतो, कुठेतरी ८.२ वाचलेलं असतं, म्हणून घाईघाईने पीएच चढवणारी बफर पावडर टाकली जाते. तासाभरात पीएच चढतो, दुसऱ्या सकाळी पुन्हा मूळ जागी. पुन्हा पावडर. पंधरा दिवसांनी पीएच होता तिथेच, अल्कलिनिटी मात्र १३ डीकेएचला (डीकेएच हे तिचं एकक) भिडलेली.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पाणी किती आम्ल पचवू शकतं ते अल्कलिनिटी सांगते. समुद्राच्या पाण्यात हे काम मुख्यतः बायकार्बोनेटचं. समुद्रात ती ७ डीकेएचच्या आसपास असते, टाकीत ७.५ ते ९ ठेवली की झालं. पीएच मात्र पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडवरही ठरतो. दिवे बंद झाले की प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन सगळ्यांचं चालूच राहतं, म्हणून पहाटे पीएच सर्वांत खाली असतो. ७.९ ते ८.३ हा रोजचा झोका निरोगी टाकीतही दिसतो.

शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. टाकीतलं पेलाभर पाणी घराबाहेर न्या, एअरस्टोन (हवेच्या पंपाला जोडायचा सच्छिद्र दगड) सोडून तासभर बुडबुडे काढा आणि पुन्हा पीएच मोजा. तो ०.१-०.२ ने चढला, तर दोष बहुधा पाण्यात नसून खोलीच्या कोंदट हवेत आहे. खिडकी उघडा, किंवा स्किमरची (फेसावाटे पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी बाहेर सोडा.

मग लक्ष कशावर ठेवायचं? प्रवाळ आपला सांगाडा बांधताना कॅल्शियमचा एक आयन आणि बायकार्बोनेटचे दोन आयन उचलतं. त्यातून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, तयार होते. हिशोबात मांडलं तर २.८ डीकेएच अल्कलिनिटी खर्च होते तेव्हा कॅल्शियम सुमारे २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) उतरतं. आता गंमत बघा. अल्कलिनिटी ८.४ वरून ५.६ वर आली, म्हणजे एक तृतीयांश संपली, तरी कॅल्शियम ४२० वरून जेमतेम ४०० वर येतं. एवढा फरक घरगुती टेस्ट किटच्या चुकीत सहज लपून जातो. म्हणून कॅल्शियम आठवड्यातून एकदा मोजलं तरी चालतं. अल्कलिनिटी मात्र दर दोन-तीन दिवसांनी, आणि रोजच्या एकाच वेळी.

ही टेस्ट थेंबांची आहे: मोजून घेतलेल्या पाण्यात रंगद्रव्य घालून सिरिंजने एकेक थेंब आम्ल सोडायचं, रंग पालटून स्थिर राहिला की आकडा वाचायचा. सिरिंजच्या टोकाशी राहिलेला हवेचा बुडबुडा चालतो. पट्टीचा आकडा मात्र दट्ट्याच्या कडेवर वाचायचा, द्रवाच्या पातळीवर नाही. बहुतेकांची चूक इथेच होते.

समजा टाकी २४० लिटरची आहे. दगड आणि वाळू वजा जाता पाणी २०० लिटर. सोमवारी रात्री ८.६ डीकेएच, गुरुवारी रात्री ७.४. तीन दिवसांत १.२, म्हणजे रोजचा खप ०.४. शंभर लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. इथे रोज २.४ ग्रॅम. त्याच्या जोडीचं कॅल्शियम भरून काढायला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट सुमारे २.१ ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या गोड्या पाण्यात विरघळवा आणि मध्ये अर्धा-पाऊण तास जाऊ देऊन जोरदार प्रवाहात सोडा. एकदम ओतले तर पाण्यात दुधाळ ढग उठतो. तोही प्रवाळाच्या वाट्याचाच चुना. बेकिंग पावडर मात्र चुकूनही वापरू नका, तिच्यात आम्ल आणि स्टार्च मिसळलेलं असतं.

दुसरा मार्ग शाळेतल्या ओळखीचा आहे: चुन्याची निवळी. १ लिटर आरओ पाण्यात २ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड हलवून झाकून ठेवा. विरघळतं साधारण १.७ ग्रॅमच, उरलेलं तळाशी बसतं. वरची निवळी तेवढी घ्यायची, गाळ नाही. यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी प्रवाळाला हव्या त्याच प्रमाणात मिळतात. वरच्या उदाहरणातल्या टाकीचा रोजचा खप पाऊण लिटरहून कमी निवळीत भागतो. पण तिचा पीएच १२.४ असतो, त्यामुळे ती थेंबाथेंबाने, शक्यतो रात्रीच सोडावी. डोळ्यांना जपा. पृष्ठभागावर धरणारी पातळ साय म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने बनवलेली चुनखडी. ती हलवू नये.

अल्कलिनिटी आणि कॅल्शियम घालूनही दोन्ही टिकत नसतील तर मॅग्नेशियम तपासा. ते चुनखडीच्या स्फटिकांवर चिकटून त्यांची वाढ अडवतं. १,३०० पीपीएमच्या आसपास ते असेल तर पाणी एवढा चुना विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवू शकतं.

हे सगळे आकडे खारटपणा बरोबर असेल तरच खरे. तो ३५ ऐवजी ३३ पीपीटी (हजारात ३३ भाग) असेल, तर कॅल्शियम ४२० च्या जागी ३९६ दिसेल आणि नसलेल्या रोगावर औषध सुरू होईल. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर डिस्टिल्ड पाण्याने नव्हे, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं: २०० लिटरमधून ३ लिटर उडाले की खारटपणा ३५.५ होतो. ही घट गोड्या आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेल्या) पाण्यानेच भरायची. नळाच्या पाण्यातलं किंचित तांबंही कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना मारक ठरू शकतं. नवं समुद्रपाणी करताना मीठ पाण्यात घाला, पाणी मिठावर ओतू नका. ओतलंत तर चुना बादलीतच साका होऊन बसतो.

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायचा हट्टही नको. नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम पुरे. दोन्ही संपले की प्रवाळ फिके पडतात, आणि त्याच वेळी अल्कलिनिटी ११-१२ असेल तर ॲक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची टोकं जळाल्यासारखी पांढरी होतात.

राहिली ती १३ डीकेएचची टाकी. तिच्यात आम्ल ओतून आकडा खाली ओढू नये. बफर बंद करा, फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवर लक्ष ठेवा आणि प्रवाळांना अल्कलिनिटी खाऊ द्या. घाई असेल तर कमी अल्कलिनिटीच्या मिठाने थोडं थोडं पाणी बदला, पण उतार दिवसाला १ डीकेएचच्या आत ठेवा. चुनखडी गरम पाण्यात कमी विरघळते, म्हणून थर आधी हीटरवर आणि तापणाऱ्या पंपावरच धरला होता. ते काढून निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी अशा मिश्रणात बुडवा. हीटर आधी बंद करून थंड होऊ द्या. बुडबुडे यायचे थांबले की गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा बसवा.