जॅक बसला, तरी रिम का वाजत नाही?

गणपती ते नवरात्र या दिवसांत ठाण्यात आणि नवी मुंबईत ऑर्केस्ट्राच्या ऑक्टोपॅडशेजारी एखादा जादा किक पॅड किंवा सिंबल लावलेला सहज दिसतो. घोडबंदर रोड, खारघर इथल्या फ्लॅटमध्ये तर शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून इलेक्ट्रॉनिक किटच घेतलं जातं. पूर्ण नवं किट महाग पडतं. मग मॉड्यूल, म्हणजे घाव ओळखून आवाज काढणारा डबा, एका कंपनीचं, पॅड दुसऱ्या कंपनीचे, तेही बऱ्याचदा जुने, अशी जुळवाजुळव होते. जॅक सगळ्यांचा एकच, ६.३५ मिलिमीटरचा. तो खटकन बसतो, पॅडच्या मधोमध मारलं की आवाज येतो, पण रिम, म्हणजे पॅडची कड, गप्प. अशा वेळी पॅड बहुधा ठणठणीत असतो. त्या जॅकमागे काय दडलंय हे फक्त तपासलेलं नसतं.

पॅडच्या आत पितळेच्या चकतीवर चिकटवलेली सिरॅमिकची पातळ चकती असते. तिला पिझो म्हणतात. अशा पदार्थावर दाब पडला की वीज निर्माण होते. हा गुणधर्म पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला. जोरदार घावाला पिझो क्षणभर कित्येक व्होल्टचा झटका देतो. मॉड्यूल त्या झटक्याची उंची मोजतं आणि तिला १ ते १२७ मधला आकडा देतं. पॅडमधून आवाज येतच नाही, येतो तो एवढा झटका. तबला, ढोलकी की स्नेअर, हे मॉड्यूल ठरवतं.

स्टिरिओ जॅकला तीन भाग असतात: टोकाची टिप, मधली रिंग आणि मागची स्लीव्ह. टिपवर पॅडच्या मधल्या भागाचा पिझो असतो, स्लीव्ह म्हणजे अर्थिंग. इथपर्यंत बहुतेक कंपन्यांचं एकमत आहे. मतभेद रिंगवर होतात. काही पॅडमध्ये रिमसाठी दुसरा पिझो रिंगला जोडलेला असतो, तर काहींमध्ये रिंगला साधा स्विच असतो, जो दाबला की रिंग आणि स्लीव्ह जोडल्या जातात. एकाच कंपनीतही दोन्ही पद्धती सापडतात. रोलँडचा रबरी पीडी-८ पिझो-स्विच आहे, तर जाळीचा पीडी-१२५ पिझो-पिझो. स्विचची वाट पाहणाऱ्या मॉड्यूलला रिंगवर पिझो मिळाला, तर स्विच दाबला गेल्याचं त्याला कधीच दिसत नाही, कारण पिझोतून एकदिश प्रवाह जात नाही. रिम न वाजण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

हे ओळखायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. केबल पॅडमध्येच ठेवा, दुसरं टोक मॉड्यूलमधून काढा. मीटर ओहमवर लावून एक काडी रिंगला, दुसरी स्लीव्हला टेकवा. आता रिम किंवा सिंबलची कड दाबून धरा. आकडा शून्याजवळ आला तर स्विच आहे. काहीच हललं नाही तर मीटर कपॅसिटन्सवर लावा. साधारण १५ ते ४० नॅनोफॅरड दिसले तर पिझो आहे. सेकंड हँड पॅड घ्यायला जाताना मीटर सोबतच न्यावा, विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा तो भरवशाचा.

पिझो-पिझो पॅड आणि स्विचवालं मॉड्यूल अशी गाठ पडली, तर उपाय स्वस्त आहे. मिक्सरच्या इन्सर्टसाठी वापरतात ती केबल घ्यायची: एका टोकाला स्टिरिओ जॅक, दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक. टिपवाला मोनो जॅक एका इनपुटमध्ये, रिंगवाला दुसऱ्या मोकळ्या इनपुटमध्ये. मॉड्यूलचं एक इनपुट खर्ची पडतं, पण रिम पूर्ण चढ-उतारासह वाजते. दुकानात हेडफोनचा दुभाजक गळ्यात मारला जातो, तो इथे चालत नाही. तो दोन्ही टोकांना तेच सिग्नल देतो, वेगळे करत नाही.

सिंबलला मात्र मोनो केबल चुकूनही लावू नका. मोनो जॅक रिंग आणि स्लीव्ह कायमची जोडून टाकतो. सिंबल हाताने धरून ठेवलाय असं काही मॉड्यूलना वाटतं आणि आवाज उमटताच तुटतो. बेल, म्हणजे सिंबलच्या मधला उंचवटा, हा आणखी निराळा विषय. यामाहाचा पीसीवाय-१३५ एकाच केबलवर तीन भाग सांभाळतो, कारण त्याचा एक स्विच थेट जोडतो आणि दुसरा रेझिस्टरमधून. रोलँडचा सीवाय-१५आर त्यासाठी दोन केबल वापरतो. या दोघांची अदलाबदल केली तर वरचा भाग आणि कड वाजवता येतात, पण बेलवर पाणी सोडावं लागतं.

हाय-हॅटचं पेडल सगळ्यात हट्टी. पाय दाबत गेला की रोध किती आणि कोणत्या दिशेने बदलावा, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलंय. इथे पैसे वाचवू नयेत, पेडल मॉड्यूलच्याच कंपनीचं घ्यावं. यूएसबीवर चालणारे नवे डिजिटल पॅडही ठरावीक मॉड्यूलशीच बोलतात.

पॅड जुळला की सेटिंगची पाळी. आधी पॅडचा प्रकार निवडायचा, मग सेन्सिटिव्हिटी. सर्वात जोरदार घावाला आकडा १२७ ला जेमतेम टेकला पाहिजे. मध्यम घावालाच तो १२७ गाठत असेल तर सिग्नल फार तगडा आहे. सेन्सिटिव्हिटी कमी करूनही भागत नसेल, तर पॅड आणि मॉड्यूल यांच्या मध्ये १०० किलोओमचा पॉट, म्हणजे फिरवून रोध बदलायचा रेझिस्टर, लावतात: बाहेरचे दोन पाय पॅडच्या टिप आणि स्लीव्हला, मधला पाय मॉड्यूलच्या टिपला. १० किलोओमचा का नाही? २० नॅनोफॅरडचा पिझो आणि १०० किलोओम मिळून सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापतात. १० किलोओमला हीच मर्यादा ८०० हर्ट्झवर जाते आणि हलके घाव हरवतात.

यानंतर स्कॅन टाइम. घाव कळल्यावर झटक्याचा माथा सापडेपर्यंत मॉड्यूल किती थांबणार, ते यात ठरतं. जाळीच्या पॅडचा माथा रबरी पॅडपेक्षा उशिरा येतो. रबराचं सेटिंग जाळीला लावलं तर सारख्याच जोराचे घाव कधी मोठे, कधी लहान ऐकू येतात. अशा वेळी स्कॅन अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने वाढवावा. एका घावाचे दोन आवाज येत असतील तर मास्क टाइम, म्हणजे एका घावानंतर मॉड्यूल पुढचा घाव न ऐकण्याची वेळ, वाढवतात, पण हात राखून. तो ६४ मिलिसेकंद ठेवला तर सेकंदाला पंधराच्या वर घाव उमटणारच नाहीत, आणि जलद रोल तुटेल.

घरी नीट चाललेला पॅड कार्यक्रमात आपोआप वाजू लागतो. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह असो की रस्त्यावरचा मंडप, बास स्पीकर आणि ढोलाची कंपनं फळ्यांतून स्टँडमध्ये चढतात. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याखालचा सिग्नल मॉड्यूल घाव मानत नाही ती मर्यादा, तिथेच, बास चालू असताना, पॅड गप्प होईपर्यंत वाढवावा. स्टँडखाली जाड रबर ठेवलं तर तो कमी वाढवावा लागतो आणि हलके घावही वाचतात. खाडीकाठच्या दमट हवेत जॅकवर गंज धरतो, खरखर सुरू होते आणि दोष उगाच सेटिंगला जातो. पावसाळ्यात कॉन्टॅक्ट क्लीनर आधी, मेनू नंतर.

एक पॅड दोन मॉड्यूलना एकदम जोडायचा मोह टाळावा. दोन्ही एकमेकांचा सिग्नल ओढतात. त्यासाठी १९८३ पासून मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवायची सामायिक पद्धत, आहे. पॅड पहिल्या मॉड्यूलला, त्याचं मिडी आउट दुसऱ्याच्या मिडी इनला. एका घावाचा संदेश पोहोचायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. कोणता आवाज वाजवायचा ते सांगणारे दोन्हीकडचे नोट क्रमांक मात्र जुळायला हवेत. जनरल मिडी या ठरलेल्या यादीत किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, उघडा ४६ आणि चॅनल १०. सिंबल पकडल्याचा संदेश रोलँड आफ्टरटच, म्हणजे नोट वाजल्यानंतरच्या दाबाचा संदेश, म्हणून पाठवतं. दुसऱ्या मॉड्यूलला तो समजत नसेल, तर सिंबल धरला तरी आवाज घुमत राहतो. तसा सिंबल थेट त्याच मॉड्यूलला लावावा, ज्याचा आवाज हवा आहे.