जुने झिऑन मशीन, नवे लिनक्स: इन्स्टॉलेशन नेमके कुठे अडते?

पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉलरचा मेनू आला, एंटर दाबले आणि स्क्रीन काळी. किंवा इन्स्टॉलर भाषा विचारतो, कीबोर्ड विचारतो आणि डिस्कच्या पायरीवर येऊन 'डिस्क सापडली नाही' म्हणून मोकळा होतो. समोर मात्र डिस्कांचे हिरवे दिवे लुकलुकत असतात. कंपन्यांनी भंगारात काढलेली झिऑनवाली (झिऑन म्हणजे इंटेलचा भारी कामाचा प्रोसेसर) वर्कस्टेशने आणि सर्व्हर लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून घरी आणणाऱ्यांना हे चित्र ओळखीचे आहे. पहिला संशय मशीनवरच जातो: जुना माल, काहीतरी गेले असणार. पण पुष्कळदा काहीच गेलेले नसते. मशीन कारखान्यातून निघाले तसेच आहे. त्याच्याकडून काय अपेक्षित आहे ते बदलले, आणि तेही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी बदलले. त्यामुळे असा अडथळा आला की काय बिघडले यापेक्षा तो कोणत्या वर्षातला आहे, हे आधी पाहावे.

'लिनक्स म्हणजे जुन्या मशीनचा वाली' ही ख्याती अर्धीच खरी आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सने आपल्या प्रकल्पाची पहिली घोषणा केली, तेव्हाच त्याने लिहून टाकले होते की हे बहुधा एटी (तेव्हाच्या पीसीतल्या नेहमीच्या) हार्डडिस्कशिवाय दुसऱ्या कशावर चालणार नाही, कारण त्याच्याकडे तेवढेच होते. अंदाज साफ चुकला, पण त्यातले कारण आजही लागू आहे. ज्याच्या हाताशी हार्डवेअर आहे तो ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहितो, आणि कोणी तपासत राहील तोवरच तो ड्रायव्हर टिकतो. खुद्द ३८६ प्रोसेसर, ज्याच्यावर हे सगळे सुरू झाले, तो २०१३ च्या ३.८ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) वगळला गेला. इंटेलचा इटॅनियम प्रोसेसर ६.७ मध्ये गेला.

सर्वात जुना पेच बूटचा, म्हणजे मशीन सुरू होण्याचा. आयबीएम पीसी-एक्सटी आणि डॉस २.० बरोबर १९८३ मध्ये एमबीआर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड, आला. डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर, त्यात ४४६ बाइट बूटच्या कोडला, ६४ बाइट चार पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) नोंदींना आणि २ बाइट सहीला. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा, म्हणजे ५१२ बाइटच्या सेक्टरने हिशेब केला तर २.२ टेराबाइटपुढचे त्याला दिसतच नाही. १९८३ मध्ये १० मेगाबाइटची डिस्क चैन होती, तेव्हा दोष कोणाला देणार? पुढे इंटेलने इटॅनियमसाठी नवे फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच असलेला आणि मशीन सुरू करणारा प्रोग्राम, आखले, ते ईएफआय. २००५ मध्ये ते उद्योगाच्या सामाईक मंचाकडे गेले आणि यूईएफआय झाले. जीपीटी ही नवी पार्टिशन रचना त्याच घरातली.

सेकंडहँड बाजारातले २००६ ते २०१२ या काळातले मशीन नेमके या दोन घरांच्या उंबरठ्यावर उभे असते. फर्मवेअर ईएफआयच्या आधीचे, जुने बायोस, आणि आपण त्यात घालतो ४ टेराबाइटची डिस्क, जिला जीपीटी हवेच. इथे ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, अडतो. एमबीआरच्या डिस्कवर पहिला सेक्टर आणि पहिले पार्टिशन यांच्यामध्ये मोकळी जागा सुटायची. ग्रब आपला मोठा भाग गुपचूप तिथे ठेवायचा. त्या जागेवर कोणाची मालकी नव्हती, नुसती वहिवाट होती. जीपीटीने आपली नोंदवही तिथूनच सुरू केली. मग ग्रब सांगतो की या डिस्कवर बायोस बूट पार्टिशन नाही, मी बसू कुठे? उपाय अगदी किरकोळ आहे: सुरुवातीला १ मेगाबाइटचे, कुठलीही फाइलसिस्टिम नसलेले पार्टिशन करायचे आणि त्याला 'बायोस ग्रब' (bios_grub) ही खूण लावायची. हे माहीत नसेल तर माणूस दिवसभर इन्स्टॉल करतो, शेवटच्या पायरीवर पडतो आणि नवी पेनड्राइव्ह आणायला जातो.

आता डिस्क न दिसण्याचे. याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही एकसारखीच दिसतात. त्या काळच्या सर्व्हरमध्ये रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडणारे कार्ड, असणे गृहीत होते: डेलचे पर्क, एचपीचे स्मार्ट अ‍ॅरे. ही कार्डे सुट्या डिस्का ऑपरेटिंग सिस्टिमला दाखवतच नाहीत. आधी कार्डाच्या मेनूत शिरून, जसे पर्क ५ आणि ६ वर बूट होताना कंट्रोल-आर दाबून, व्हर्च्युअल डिस्क बनवावी लागते. ती नसेल तर लिनक्सपुढे खरोखरच काही नसते. विकणाऱ्याने डिस्का पुसून दिल्या असतील, तर हा मेनू आधी पाहावा.

दुसरे कारण जास्त चीड आणणारे आहे. रेड हॅट या कंपनीने २०१९ मध्ये आपल्या लिनक्सची आरएचईएल ८ ही आवृत्ती काढताना जुन्या स्टोरेज कार्डांची एक लांब यादी वगळली. त्यात पर्क ५ होते, एचपीची काही जुनी स्मार्ट अ‍ॅरे होती. गंमत अशी की ड्रायव्हर तिथेच आहे. त्याच्या आतल्या ओळखक्रमांकांच्या यादीतून या कार्डांचे क्रमांक तेवढे काढले. मूळ कर्नलमध्ये ते आहेत, त्यामुळे तेच मशीन, तेच कार्ड डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर मुकाट चालते. रेड हॅटची बाजू समजण्यासारखी आहे: दहा वर्षे आधार द्यायचा तर प्रत्येक कार्ड प्रयोगशाळेत ठेवून तपासत राहावे लागते. पण 'हे कार्ड आम्ही वगळले आहे' एवढी ओळ इन्स्टॉलरने दाखवली असती, तर कितीतरी लोकांच्या रात्री वाचल्या असत्या. ईएलरेपो या स्वयंसेवी प्रकल्पाने असे ड्रायव्हर पुन्हा जोडून द्यायची सोय केली आहे. त्यांची ड्रायव्हर डिस्क इन्स्टॉलरला सुरुवातीलाच दाखवावी लागते.

नेटवर्कचा अडथळा तांत्रिक कमी आणि तत्त्वाचा जास्त. डेलच्या पॉवरएज २९५० आणि आर७१० या सर्व्हरमध्ये ब्रॉडकॉमचे नेटवर्क चिप आहेत. त्यांच्या आत छोटे मिप्स प्रोसेसर असतात आणि त्यांना चालवणारे फर्मवेअर बाहेरून भरावे लागते. त्याचा सोर्स उपलब्ध नाही, आणि असे काही आत ठेवायचे नाही हे डेबियनचे तत्त्व होते. डेबियनने २०११ च्या ६.० आवृत्तीत अशा फायली कर्नलमधून बाहेर काढल्या, म्हणून जुना इन्स्टॉलर 'बीएनएक्स२' पासून सुरू होणारे फाइलचे नाव दाखवून 'ही फाइल असलेला पेनड्राइव्ह लावा' म्हणतो. ती फाइल आणायची इंटरनेटवरून, आणि इंटरनेट त्याच कार्डातून! २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून धोरण बदलले, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येते. डेबियनची जुनी आवृत्तीच टाकायचा हट्ट असेल, तरच आता हा त्रास.

त्याच पायरीवर आणखी एक फसगत होते. वर्षानुवर्षे गोदामात पडलेल्या मशीनचा बोर्डावरचा सेल संपलेला असतो आणि घड्याळ पार मागे गेलेले असते. मग नेटवर्क चालू असूनही पॅकेज उतरत नाहीत, कारण मशीनच्या हिशेबाने सर्व्हरची प्रमाणपत्रे भविष्यातली ठरतात. सीआर२०३२ सेल बदलला, तारीख लावली की काम झाले.

काळ्या स्क्रीनचे फारसे रहस्य नाही. २००९ पासून स्क्रीनचा मोड लावण्याचे काम हळूहळू कर्नलकडे आले. वर्कस्टेशनमधल्या जुन्या क्वाड्रो ग्राफिक्स कार्डांवर ते कधीकधी फसते. बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' (nomodeset) लिहावे, पुढचे नंतर पाहता येते.

यापुढचा अडथळा मात्र युक्तीने सुटत नाही. २००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉन प्रोसेसरने ६४ बिटांची सूचनावली (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा संच) आणली, पुढच्या वर्षी इंटेलने झिऑनमध्ये घेतली. २०२० मध्ये एएमडी, इंटेल, रेड हॅट आणि सुसे यांनी मिळून तिचे टप्पे ठरवले. आरएचईएल ९ ला त्यातला दुसरा टप्पा लागतो, ज्यात एसएसई ४.२ या सूचना आहेत. पॉवरएज २९५० मधल्या ५४०० मालिकेच्या झिऑनकडे एसएसई ४.१ आहे, ४.२ नाही. तिथे इन्स्टॉलर सुरू होतानाच जीलिबसी ही लिनक्सची पायाभूत लायब्ररी 'हा सीपीयू व्ही२ (म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा) नाही' असे सांगते आणि कर्नल पॅनिक होतो, म्हणजे सगळे तिथेच थांबते. आर७१० मधला ५५०० मालिकेचा झिऑन पार होतो. २०२५ च्या आरएचईएल १० ला तिसरा टप्पा हवा, म्हणजे एव्हीएक्स२. तिथे ई५-२६०० व्ही२ हे झिऑनसुद्धा बाद (इथे व्ही२ ही मॉडेलची पिढी, टप्पा नव्हे), त्यातले व्ही३ पासून पुढचे चालतात. आरएचईएलच्याच धर्तीवरच्या अल्मालिनक्स १० ने दुसऱ्या टप्प्यासाठी वेगळी बांधणी ठेवली आहे. डेबियन ६४ बिटांसाठी अजून २००३ चीच पातळी धरून आहे. मात्र डेबियन १३ पासून ३२ बिटांचा इन्स्टॉलर बंद झाला, त्यामुळे २००४ पूर्वीच्या झिऑनवर डेबियन १२ च्या पुढे जाता येत नाही.