तीस मैदानं, एक गाडी: बेसबॉल सहलींची पार्श्वभूमी

१९५२ पर्यंत अव्वल बेसबॉलचे सोळा संघ अमेरिकेच्या अवघ्या दहा शहरांत होते आणि सेंट लुईसच्या पश्चिमेला एकही नव्हता. पुढच्या वर्षापासून संघ हलू लागले. १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला, १९५८ च्या हंगामात न्यू यॉर्कचे दोन संघ कॅलिफोर्नियात खेळू लागले. त्यातला एक न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातला; तिथे तो राग आजही धुमसतो. पण मित्राला शेजारी बसवून, आळीपाळीने गाडी चालवत मैदानं पाहत फिरायचं, हा बेत त्या स्थलांतरामुळेच देशभर पसरला.

पाहायचं काय, तर मैदानाचा आकार. खेळाडू धावत गाठतात त्या बेसमधलं ९० फुटांचं अंतर सगळीकडे सारखं, पण त्यापलीकडची कुंपणं ज्याची त्याची. बॉस्टनच्या फेनवे पार्कात (१९१२) डावीकडे ३७ फुटी हिरवी भिंत, शिकागोच्या रिगली फील्डवर (१९१४) विटांच्या भिंतीवर वेल. रिगलीवर दिवे १९८८ पर्यंत नव्हतेच, त्यामुळे तिथला सामना दिवसाच गाठावा लागे.

मधली वीसेक वर्षं भाकड म्हणावी लागतील. पिट्सबर्ग, सिनसिनाटी, फिलाडेल्फिया इथे १९७०-७१ मध्ये अमेरिकन फुटबॉललाही चालतील अशी गोल काँक्रीटची स्टेडियमं उभी राहिली. आत बसल्यावर शहर कोणतं ते कळू नये, इतकी एकसारखी. २००१ ते २००४ दरम्यान तिन्ही सुरुंग लावून पाडली. त्याआधीच, १९९२ मध्ये, बाल्टिमोरने जुन्या रेल्वे गोदामाला खेटून कॅम्डेन यार्ड्स बांधलं आणि मग शहरोशहरी विटांची, ऐसपैस नव्हे तर आटोपशीर मैदानं आली. बऱ्याच ठिकाणी खर्चाचा मोठा वाटा करदात्यांनी उचलला, नफा मात्र मालकांच्या खिशात.

आता अव्वल संघ तीस आहेत. सध्याचा वाद 'तीसही मैदानं पाहून झाली' म्हणायचं कधी, याचा. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या मैदानावरचा तिथल्या अव्वल संघाचा शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ ला झाला. संघ सॅक्रामेंटोच्या सुमारे १४ हजार आसनांच्या, दुय्यम लीगच्या मैदानात गेला; लास वेगासचं स्टेडियम २०२८ साठी नियोजित आहे. ऑक्टोबर २०२४ च्या वादळाने टॅम्पा बे भागातल्या स्टेडियमचं छप्पर फाडलं, तेव्हा तिथल्या संघाने २०२५ चा हंगाम सराव शिबिराच्या मैदानावर काढला. काटेकोर मंडळींच्या मते आज जिथे घरचे सामने होतात तेच मैदान धरायचं. म्हणजे ऑकलंड पाहिलेल्याने सॅक्रामेंटोला जायचं आणि काही वर्षांनी पुन्हा वेगासला. दुसरा पक्ष संघ मोजतो: त्या संघाचा घरचा सामना एकदा पाहिला की झालं.

मला दुसरा पक्ष पटतो. घर सोडायचं मालकाने ठरवलं. त्याच्या पेट्रोलचा भुर्दंड प्रेक्षकाने का सोसावा? वादळाची गोष्ट वेगळी. तिथे नाइलाज होता, आणि जेमतेम ११ हजार आसनांच्या मैदानात अव्वल संघाचा सामना इतक्या जवळून पाहायला हौशी लोक मुद्दाम वाट वाकडी करून गेले.